विमानाचे भाडे: कुठे स्वस्त, कुठे महाग

एसटीचे भाडे कसे ठरते ते आपल्याला ठाऊक आहे. सहा किलोमीटरचा एक टप्पा धरतात. जितके टप्पे, तितके भाडे. सवलतीचे अर्धे तिकीट सोडले, तर एका गाडीतून एकाच गावाला निघालेली माणसे सारखेच पैसे देतात. गाडी गच्च भरलेली असो की मागची बाके मोकळी असोत, भाडे तेच.

विमानाचे गणित निराळे आहे. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांनीही निरनिराळे पैसे मोजलेले असतात. ते एक वेळ सोडून देऊ. पण देशादेशांत केवढा फरक! दक्षिण कोरियाची राजधानी सोल. त्या देशाच्या दक्षिणेला समुद्रात जेजू नावाचे बेट आहे. दोहोंत अंतर सुमारे ४५० किलोमीटर. तिथला साधा नोकरदार माणूस दोन दिवसांच्या सुट्टीत बायकामुलांना घेऊन विमानाने बेटावर जाऊन येतो.

आता पश्चिम आफ्रिकेत चला. नायजेरियातले लागोस आणि घानातले आक्रा ही दोन मोठी शहरे. अंतर थोडे कमीच, ४०० किलोमीटरच्या आसपास. पण भाडे मात्र जेजूच्या कित्येक पट. हातावर पोट असलेला माणूस तिथे विमानाचे नाव काढत नाही. तो बसमध्ये बसतो. वाटेत बेनिन आणि टोगो हे दोन देश ओलांडतो. प्रत्येक नाक्यावर उतरून कागद दाखवतो. घरी कुणी शेवटच्या घटका मोजत असले, तरी त्याला वाट हीच.

विमाने तर दोन्हीकडे त्याच दोन-तीन कारखान्यांतली. आकाशात रस्ता बांधावा लागत नाही, की खड्डे बुजवावे लागत नाहीत. मग एकीकडे स्वस्त आणि दुसरीकडे महाग, हे कसे?

आधी खर्चाचा हिशेब पाहू. समजा, एका विमानात १८० जागा आहेत. एका फेरीला सगळा मिळून ५ लाख ४० हजार रुपये खर्च येतो. हा आकडा आपण हिशेबापुरता धरला आहे, बरं का. विमान भरून गेले, तर माणशी खर्च ३,००० रुपये. निम्मेच भरले, तर ६,०००. साठच माणसे आली, तर ९,०००. विमान तेच, अंतर तेच, पण तिकिटाचा भाव तिप्पट झाला. कारण माणसे कमी म्हणून खर्च कमी होत नाही. वैमानिकाचा पगार तोच. विमानाचे कर्ज किंवा भाडे तेच. इंधन थोडे कमी जळेल, पण थोडेच.

आणि रिकामी गेलेली जागा पुन्हा विकता येत नाही. धान्य आज खपले नाही, तर पुढच्या बाजाराला नेता येते. विमान उडाले की रिकामी जागा गेली ती गेलीच. ती कोथिंबिरीच्या जुडीसारखी आहे.

जेजूचे कोडे इथे निम्मे सुटते. बेटावर आगगाडी जात नाही, बोटीला वेळ लागतो, आणि जाणारी माणसे अफाट. सोल ते जेजू हा जगातला सर्वांत वर्दळीचा विमानमार्ग समजला जातो. दिवसभर काही काही मिनिटांनी विमान सुटते. एकच विमान दिवसात अनेक खेपा करते. ज्या विमानाचे हप्ते चालू आहेत, ते जमिनीवर उभे राहिले तर ते खायला काळ. उडत राहिले, तर खर्च अनेक खेपांवर वाटला जातो. तिथे अनेक कंपन्या एकाच मार्गावर आहेत, म्हणून कुणाला भाव फार चढवता येत नाही.

लागोस-आक्रा मार्गावर याच्या उलट. भाडे महाग म्हणून माणसे कमी. माणसे कमी म्हणून फेऱ्या कमी. फेऱ्या कमी म्हणून भाडे महाग. हा फेरा तोडायचा कुणी? कंपनीला वाटते, माणसे आली तर भाव उतरवू. माणसांना वाटते, भाव उतरला तर येऊ.

आता इंधनाकडे वळू. विमानात जळते ते एका जातीचे शुद्ध केलेले रॉकेलच. मध्यम आकाराचे विमान तासाला दोन-अडीच टन इंधन पिते. आपल्या देशात विमान कंपनीच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त असतो. म्हणजे इंधनाचा भाव हलला की तिकीट हललेच.

कच्च्या तेलाचा बाजार जगभर एकच आहे. तरी विमानात भरताना भाव सगळीकडे सारखा नसतो. ज्या देशाला समुद्रकिनारा नाही, तेल शुद्ध करण्याचा कारखाना नाही, तिथे इंधन शेजारच्या देशाच्या बंदरातून टँकरने आणावे लागते. आफ्रिकेतल्या पुष्कळ देशांची हीच अडचण आहे. वाहतुकीचा खर्च इंधनावर चढतो.

दुसरा भार कराचा. २०१७ साली जीएसटी आला, पण विमानाचे इंधन त्याच्या बाहेर ठेवले गेले. त्यावर प्रत्येक राज्य आपापला विक्रीकर लावते. कुठे शेकडा एक रुपया, तर कुठे शेकडा पंचवीसच्या वर. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि रायगड या भागांत तो शेकडा २५ होता. २०२३ साली तो १८ वर आणला. मालट्रकवाले राज्याची हद्द ओलांडण्याआधी स्वस्त डिझेल कुठे मिळते ते बघून टाकी भरतात ना? विमानवालेसुद्धा तेच करतात. स्वस्त गावी जास्त इंधन भरून घेतात आणि महाग गावी कमी घेतात. जादा वजन वाहायला जादा इंधन जळते, तरीही कधीकधी ते परवडते.

गंमत अशी की हाच कर परदेशी जाणाऱ्या विमानाच्या इंधनावर नसतो. १९४४ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरी ५२ देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी विमान वाहतुकीचा एक करार केला. विमान दुसऱ्या देशात उतरले, तर त्याच्या टाकीत आधीच असलेल्या इंधनावर जकात घ्यायची नाही, असे त्यात ठरले. पुढे देशादेशांनी आपसांत करार करून ही सूट वाढवली. त्यामुळे मुंबईहून दुबईला जाणाऱ्या विमानाला इंधन करावाचून मिळते, आणि मुंबईहून नागपूरला जाणाऱ्याला कर भरून घ्यावे लागते. घरच्या माणसाला घरातच महाग! याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

इंधनावरचा कर दिसत नाही. तो भाड्यात मुरलेला असतो. काही कर मात्र थेट प्रवाशाच्या माथी असतात. ब्रिटनमध्ये १९९४ सालापासून असा कर आहे. जितके लांब जायचे, तितका तो जास्त. लंडनहून मुंबईला साध्या वर्गाने यायचे, तर २०२५ सालच्या एप्रिलपासून एका मोठ्या माणसामागे ९० पौंड नुसता हा कर होता. चौघांचे घर सुट्टीला गावी यायचे, तर किती होतात ते मोजून पाहा. सोळा वर्षांखालच्या मुलांना साध्या वर्गात हा कर नाही, एवढीच सोय. आणि हा कर ब्रिटनमधून निघणाऱ्या माणसाला आहे. मुंबईहून लंडनला जाताना तो नाही. एकाच वाटेचे जाण्याचे आणि येण्याचे भाडे वेगळे असते, त्यातले एक कारण हे.

विमानतळही पैसे मागतो. धावपट्टी, दिवे, इमारत, सुरक्षा, या सगळ्याचा खर्च कुठून काढायचा? कॅनडाने ठरवले की जो वापरील त्याने भरावा. एवढेच नव्हे, तर तिथले केंद्र सरकार मोठ्या विमानतळांकडून जमिनीचे भाडे घेते. ते भाडे अखेर प्रवाशाच्या तिकिटात उतरते. शेजारच्या अमेरिकेत विमानतळांना सरकारी मदत मिळते. याचा परिणाम मोठा बघण्यासारखा आहे. सरहद्दीजवळ राहणारे कॅनडाचे लोक मोटारीत सामान टाकून अमेरिकेतल्या बेलिंगहॅम किंवा बफेलोसारख्या गावी वर्षानुवर्षे जात आले आहेत. तिथे गाडी उभी करायची आणि तिथून विमान पकडायचे. त्यात पैसे वाचतात.

श्रीमंत देशातला माणूस असा वळसा घेऊ शकतो. पश्चिम आफ्रिकेतला माणूस कुठे जाणार? तिथे प्रत्येक देशाने तिकिटावर आपापले कर बसवले आहेत. सरकारजवळ पैशांची चणचण, आणि विमानाने जाणारा म्हणजे पैसेवाला, अशी समजूत. म्हणून त्याच्याकडून वसूल करायचे. पण त्यामुळे विमान पैसेवाल्यांसाठीच राहिले. शेवटी २०२४ सालच्या डिसेंबरात तिथल्या राष्ट्रांच्या संघटनेने ठराव केला, की २०२६ सालापासून तिकिटावरचे कर काढून टाकायचे आणि विमानतळाच्या फीमध्ये चौथा हिस्सा कपात करायची. ठराव करणे सोपे असते. प्रत्येक देशाच्या तिजोरीने तो मानायचा असतो.

इथवर पैशांचा हिशेब झाला. पण मला विचाराल, तर भाड्याची खरी किल्ली परवानगीत आहे. कोणी, कुठून कुठे, किती फेऱ्या उडवायच्या, हे कोण ठरवतो?

अमेरिकेची गोष्ट ऐका. तिथे १९३८ सालापासून एक सरकारी मंडळ होते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या विमानाचे भाडे ते मंडळ ठरवी. कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर जायचे, तेही तेच ठरवी. मुख्य मार्गांवर नवी मोठी कंपनी त्याने जवळजवळ चाळीस वर्षे शिरू दिली नाही. पण एकाच राज्यात उडणाऱ्या विमानावर या मंडळाचा अधिकार चालत नसे. कॅलिफोर्निया राज्य लांबलचक आहे. लॉस एंजलिस आणि सॅन फ्रान्सिस्को ही दोन्ही शहरे त्याच राज्यात. त्यांच्यामध्ये उडणाऱ्या कंपनीने भाडे कमी ठेवले. टेक्सास राज्यात १९७१ साली साउथवेस्ट नावाची कंपनी याच वाटेने निघाली. देशाच्या दुसऱ्या टोकाला बॉस्टन ते वॉशिंग्टन हे अंतर थोडेसेच जास्त, पण वाटेत राज्ये अनेक. तिथे मंडळाचा भाव. कॅलिफोर्नियातले भाडे त्याच्या साधारण निम्मे पडे!

विमाने एकाच जातीची, इंधनाचा भाव एक, देशही एक. मग निम्म्यात कसे परवडते, हा प्रश्न १९७५ साली अमेरिकेच्या संसदेत चौकशीला आला. एडवर्ड केनेडी हे ती चौकशी चालवीत होते. त्यातून १९७८ साली कायदा झाला आणि भाडे ठरवण्याचे मंडळाचे अधिकार गेले. पुढे ते मंडळच बंद झाले.

युरोपात असेच घडले. १९८६ साली रायनएअर नावाच्या लहानशा आयरिश कंपनीने डब्लिन ते लंडन जाऊन येण्याचे भाडे ९९ पौंड ठेवले. जुन्या कंपन्यांच्या भावाच्या ते निम्म्याहून कमी होते. आयर्लंडमधून पोटासाठी इंग्लंडला गेलेले हजारो मजूर तोवर रात्रभर बोटीने आणि आगगाडीने घरी येत. ते विमानात बसू लागले. १९९७ सालापर्यंत युरोपच्या संघातल्या कोणत्याही देशाची कंपनी संघातल्या कोणत्याही दोन शहरांमध्ये विमान चालवू शकेल, असा नियम पुरता लागू झाला. युरोपात काही भाडी जेवणाच्या ताटापेक्षा स्वस्त दिसतात, त्याचे मूळ यात आहे.

आपल्याकडे १९५३ साली सरकारने सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. देशात इंडियन एअरलाइन्स आणि परदेशी जायला एअर इंडिया, असा कारभार राहिला. तो कायदा १९९४ साली रद्द झाला. २००३ साली एअर डेक्कन निघाली आणि आगगाडीच्या वरच्या वर्गाच्या भाड्याशी विमानाच्या भाड्याची तुलना लोक प्रथमच करू लागले.

पण देशाच्या बाहेर जाताना परवानगीचे कुलूप अजून आहे. प्रत्येक देश आपल्या आकाशाचा मालक आहे, हेही शिकागोला मान्य झालेलेच. म्हणून दोन सरकारे बसून करार करतात: आठवड्याला तुमच्या कंपन्यांच्या इतक्या जागा, आमच्या कंपन्यांच्या इतक्या. भारत आणि दुबई यांच्यात २०१४ साली हा आकडा प्रत्येक बाजूला सुमारे ६६ हजार जागांवर नेला. त्यानंतर दहा वर्षे दुबईवाले म्हणत राहिले, की जागा वाढवा. दिल्लीने ते मानले नाही. आपल्या कंपन्यांना आधी बळ येऊ द्या, असे सरकारचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे नाही. परक्या कंपन्यांच्या हाती सगळा मार्ग गेला, तर उद्या त्यांनी भाव वाढवले की बोलणार कोण? पण जागा मोजक्या आणि जाणारी माणसे वाढलेली, म्हटल्यावर पुढचे सांगायला नको. रत्नागिरी-रायगडकडची, गोव्याची, केरळची कितीतरी माणसे आखातात राबतात. ईद आली, गणपती आले, मुलांच्या शाळांना सुट्टी लागली, की भाडे एरवीच्या दुप्पट-तिप्पट चढते. कुणाला पगार कमी म्हणून दोन वर्षांनी एकदा घर दिसते, ते अशाच महाग तिकिटावर.

आफ्रिकेत तर पन्नासहून अधिक देश आणि तितकीच कुलपे. आपापली सरकारी कंपनी जगवायची म्हणून शेजाऱ्याच्या कंपनीला शिरू द्यायचे नाही, हा जुना रिवाज. १९६१ साली अकरा देशांनी मिळून एअर आफ्रिक नावाची एक कंपनी काढली होती. ती २००२ साली बुडाली. १९९९ साली यामुसुक्रो या गावी ठराव झाला, की आफ्रिकेतले आकाश एकमेकांना मोकळे करायचे. २०१८ साली आदिस अबाबात पुन्हा तीच घोषणा झाली. पण पुष्कळ देश अजून हात आखडूनच आहेत. तिथल्या काही शहरांतून शेजारच्या देशात जायला आधी युरोपात किंवा आखातात जाऊन यावे लागते. म्हणजे सांगलीहून मिरजेला दिल्लीमार्गे!

चलनाचाही एक घोळ असतो. विमानाचे भाडे, सुटे भाग, इंधन हे सगळे डॉलरात. २०२२ साली नायजेरियात परदेशी कंपन्यांना तिकीटविक्रीचे पैसे डॉलर करून बाहेर नेता येईनात. एमिरेट्स कंपनीने तिथल्या फेऱ्याच थांबवल्या. त्या २०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात विमाने कमी आणि भाव जबर.

आता कुणी म्हणेल, मग सगळे मोकळे सोडले की झाले स्वस्त! तसेही नाही. स्वस्ताई करता करता कंपन्या बुडतात. आपल्याकडे किंगफिशर २०१२ साली, जेट एअरवेज २०१९ साली आणि गो फर्स्ट २०२३ साली बंद पडली. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, कित्येकांचे पगार अडकले. कंपनी बंद पडली की तिच्या जागा बाजारातून जातात आणि उरलेल्यांचे भाव चढतात. पुढे इंडिगो या एकाच कंपनीकडे देशातले निम्म्याहून जास्त प्रवासी आले. २०२५ सालच्या डिसेंबरात तिची व्यवस्था कोलमडली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम बदलले होते, आणि त्याप्रमाणे माणसांची जुळणी झाली नव्हती. हजारो फेऱ्या रद्द झाल्या. लग्नाला, दवाखान्याला, परीक्षेला निघालेली माणसे विमानतळावर अडकली. दुसऱ्या कंपन्यांची भाडी भडकली. मग सरकारने काही दिवस मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजारांच्या वर घ्यायचे नाहीत. एकाच दुकानावर गाव अवलंबून असले, की असे होते.

आणि जिथे माणसेच कमी, तिथे मोकळीक देऊनही विमान येत नाही. लहान गावांसाठी सरकारने २०१६ साली ‘उडान’ योजना काढली. काही जागांचे भाडे तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांच्या आसपास बांधून दिले. कंपनीला येणारी तूट तीन वर्षे सरकारने भरायची. हिशेब तपासनीसांच्या २०२३ सालच्या अहवालात त्याचे आकडे आले आहेत. ३७१ मार्ग सुरू झाले. त्यांतले ११२ मार्ग पुरी तीन वर्षे चालले. मदत संपल्यावरही टिकलेले मार्ग २०२३ च्या मार्चपर्यंत फक्त ५४.

आता तिकीट हाती घ्या, किंवा मोबाइलवर उघडा. वर एकूण रक्कम ठळक असते. तिच्या खाली बारीक अक्षरांत ओळी असतात. पहिली ओळ मूळ भाड्याची. ते कंपनीचे. मग विमानतळ वापरण्याची फी, सुरक्षेची फी आणि साध्या वर्गाला शेकडा पाच जीएसटी. कधी बुकिंग करून देणाऱ्याची फीसुद्धा असते. दोन तिकिटांची तुलना करायची, ती या सगळ्या ओळी धरून. सामानाचे पैसे वेगळे आहेत का, तेही पाहायचे.

तिकीट रद्द करावे लागले, तर कंपनी मूळ भाडे कापून घेईल. पण विमानतळाची फी आणि सरकारी कर हे प्रवास केला तरच लागू होतात. विमान वाहतुकीच्या महासंचालनालयाचा नियम आहे, की ही रक्कम प्रवाशाला परत द्यावी. तिकिटावर ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असे छापले असले, तरी हा नियम लागू आहे. बरेच लोक ती मागतच नाहीत.